फुली मारलेली बॅटरी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज बोर्ड लागला. पेंटर शिडीवर चढला तशी मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले, आणि अक्षरं एकेक करून उमटेपर्यंत तिथून हलले नाही. पिवळ्यावर काळं: ‘ताईने तपासलेली बॅटरी’. दुकानाचं मूळ नाव खाली बारीक अक्षरांत गेलं, ते आता कोणी वाचायचं नाही. मी दादाला म्हटलं, हे जरा अतीच होतंय. तो म्हणाला की लोक त्याच्याशी घासाघीस करतात आणि माझ्यापुढे मान डोलावतात, मग बोर्डावर कोणाला बसवायचं? मी लटकं रागावले. मनातून हरखले होते, उगाच कशाला खोटं लिहा.

आजवर आम्ही गाड्यांची फक्त दुरुस्ती करायचो. आता दादाने नव्या बॅटऱ्या विकायचं ठरवलंय. खरेदी, गल्ला, गोड बोलणं त्याच्याकडे; गाडी का सुरू होत नाही ते शोधणं माझ्याकडे. ही डायरी ऑइलचा एजंट फुकट देऊन गेला. वहिनी म्हणाली, हिशेब लिहा हिच्यात. मी म्हटलं, हिशेब दादा लिहितो, मी मनातलं लिहीन. त्यावर ती म्हणाली, "मग पानं पुरायची नाहीत." वहिनीची जीभ अशीच आहे, पण चहा आधी माझ्या हातात देते.

एक गोष्ट लिहून ठेवते. सासरहून मी कायमची परत आले तेव्हा जो येई तो विचारी, आता पुढे काय, परत कधी जाणार. दादाने एक शब्द विचारला नाही. दुकानात एक स्टूल ठेवलं, हातात मीटर दिला आणि म्हणाला, "बस इथे." धंदा त्याने शिकवला. आधी बॅटरी, मग वायरी, मग इंजिन फिरवणारा सेल्फ, मग बॅटरी भरणारा डायनामो. आणि तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हा बोर्ड माझा असेल तर तो त्याच्यामुळे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली बॅटरी नर्सबाईंच्या गाडीत गेली. याचा मला विशेष आनंद. बाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं बघतात, कोणाची जखम बांध, कोणाला इंजेक्शन दे. पहाटे निघतात आणि गाडी नसली तर त्यांचं सगळं अडतं. आमच्याकडे कित्येक वर्षं येतात. बाकीचे लोक बॉनेटमध्ये डोकं खुपसून मला शिकवतात. बाई चावी देऊन सरळ बाकावर पेपर वाचत बसतात.

दादाने बॅटरी आतून आणून दिली. मी मीटर लावला, पावणेतेरा व्होल्ट. नवा टेस्टर लावला, हिरवा दिवा. हा टेस्टर मला फारसा आवडत नाही, खेळण्यातला वाटतो. आमचा जुना लोड टेस्टर राक्षस होता. बॅटरीला लावला की तिच्याकडून खरंच काम करून घ्यायचा, त्याची तार तापून वास सुटायचा, आणि जिच्यात दम नाही तिचा काटा तिथेच मान टाकायचा. तो बिघडलाय. दादा म्हणतो दुरुस्तीला दिलाय, अजून आलेला नाही.

मागच्या शेडला त्याने कुलूप घातलंय, ॲसिडची वाफ माझ्या खोकल्याला बरी नाही म्हणून. इतका विचार माझ्या नवऱ्याने कधी केला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादाशी किरकोळ वाजलं. बॅटरी मेलेली निघाली की मी निगेटिव्ह टर्मिनलजवळ पेचकसाने फुली ओरखडते, म्हणजे चुकून कोणी ती परत गाडीत घालायला नको. ही माझी सवय पहिल्या दिवसापासूनची. दादा म्हणाला, यापुढे खडूने मार, ओरखडे असले की भंगारवाला कुरकुर करतो. मी म्हटलं, भंगारवाला काय ती दिवाणखान्यात ठेवणार आहे? तो हसला नाही. बरं बाबा, खडू तर खडू.

वहिनीने माझा केस वाळवायचा ड्रायर नेलाय. कपडे वाळत नाहीत म्हणे. चार दिवस झाले, ओल्या डोक्याने दुकानात येतेय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाईंची गाडी सकाळी उठली नाही. चावी फिरवली की नुसतं टकटकटक. मी पेटी घेऊन त्यांच्या दारात गेले. बॅटरी जराशी उतरलेली होती. दादाचं वाक्य डोक्यात पक्कं बसलंय: बॅटरी नवी असली तर तिच्यावर वेळ घालवू नकोस, गाडी शोध. शोधली. बॉडीला जाते ती अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी झालेली. खोलली, पॉलिश पेपरने घासली, आवळली, दुसऱ्या गाडीवरून करंट दिला. पहिल्या झटक्यात सुरू.

बाईंना म्हटलं, गाडीचं दुखणं होतं, बॅटरीचा काही दोष नाही. त्या म्हणाल्या, तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. आणि गेल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज एक साहेब तावातावाने फोनवर. गाडी बंद, तुमची बॅटरी बोगस, आत्ताच्या आत्ता या. गेले. ऑटोमॅटिक गाडी, गिअरचा दांडा ड्राइव्हमध्येच ठेवलेला. अशी गाडी पार्किंगला किंवा न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फ घेतच नाही. मी काही न बोलता दांडा सरकवला, चावी फिरवली. साहेब म्हणाले, अरे वा, काय केलंत? मी म्हटलं, फुंकर मारली.

संध्याकाळी हे सांगितलं तर दादा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. आताशा तो गप्प गप्प असतो, म्हणून बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा नर्सबाई. गाडी या वेळी दुकानातच ओढून आणली. मी निगेटिव्ह काढून मध्ये मीटर जोडला. गाडी बंद, चावी खिशात, तरी करंट जातोय. आलं लक्षात, घरात चोर आहे. मग एकेक फ्यूज काढत बसले. हे काम मला फार आवडतं. फ्यूज काढा, मीटर बघा, परत लावा, दुसरा काढा. एका फ्यूजला आकडा झपकन खाली आला. डिकीचा दिवा! झाकण लावलं तरी आत जळतच राहायचा, बटण अडकलेलं.

मी विजयी मुद्रेने बाईंना बोलावून दाखवलं. जरा दटावलंसुद्धा, डिकी दाणकन आपटत जाऊ नका म्हणून. त्या ओशाळल्या. दादा लांबून बघत होता. मी म्हटलं, बघ, गाडी शोध म्हणतोस ना, शोधली. त्याने मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

एवढासा दिवा एवढी नवी बॅटरी रात्रभरात पार झोपवेल का, असं घरी आल्यावर एकदा मनात आलं. थंडी आहे, वर गाडी जुनी. झोपवेलही.

१ मार्च, शनिवार

गेल्या महिन्यात आणखी तीन गाड्या परत आल्या. एकीचा डायनामो कमी देत होता, एकीत कोणीतरी बाहेरून बसवलेला टेप करंट खात होता. तिसरीत काही सापडलं नाही, मी म्हटलं, तुम्ही जवळजवळच हिंडता, बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. ते गृहस्थ मान डोलावून गेले. लोक गाड्यांची हेळसांड फार करतात.

खडू संपला होता. मेलेल्या दोन बॅटऱ्यांना पेचकसाने फुल्या मारल्या. मागेही एकदोनदा असंच केलं होतं. दादाला सांगितलेलं नाही, उगाच बोलणी कोण खाणार?

६ मार्च, गुरुवार

नर्सबाई, तिसऱ्यांदा. मीच वैतागले. बाईंना सेल्फ मारायला सांगितलं आणि बॅटरीवर मीटर धरला. आकडा धाडकन नऊ व्होल्टच्या खाली. याचे अर्थ दोनच. एक तर बॅटरीत दम नाही, नाहीतर सेल्फ नको तितका करंट ओढतोय. बॅटरी गेल्या महिन्यात मी स्वतः तपासून बसवलीय. म्हणजे सेल्फ.

बाईंनी हळूच विचारलं, "अगं, बॅटरीच खराब निघाली असेल का?"

मी म्हटलं, "बाई, इंजेक्शन कसं द्यायचं ते मी तुम्हाला सांगते का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, चुकलंच माझं. सेल्फ नवा बसवला. जुना खोलून बघितला तर तसा धडधाकट वाटला, पण आता खोललाच आहे म्हटल्यावर काय?

१२ मार्च, बुधवार



नर्सबाई दुपारी चालत आल्या. गाडी सकाळी पुन्हा उठली नाही. त्यांचे एक पेशंट आहेत, म्हातारे मास्तर, दुखणं हाडात उतरलंय. सकाळचं इंजेक्शन बाई देतात, ते चुकलं तर वेदना आवरत नाहीत. बाई बसने गेल्या, दोन बदलून. पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मास्तरांनी उशीचा अभ्रा दातांनी फाडला होता आणि त्यांच्या बायकोने खिडक्या लावून घेतल्या होत्या, शेजाऱ्यांना ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

बाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस ते सगळं मी केलं. आता अजून काय करू, तेवढं सांग." 

अर्थिंग घासून आवळलेलं, डिकीचा दिवा काढून टाकलेला, सेल्फ नवा, डायनामो चौदा व्होल्टच्या वर देतोय. गाडीत शोधायला काही उरलंच नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, गाडीच विकायला सांग तिला, भंगार आहे. मास्तरांचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

१५ मार्च, शनिवार

दादा आणि वहिनी लग्नाला गेलेत. दुकानात मी एकटी.

बाईंच्या गाडीतली बॅटरी काढून आणली, पूर्ण भरून परत बसवावी म्हणून. टर्मिनलवर पांढरी खपली धरली होती. कढत पाणी ओतलं, नेहमी ओततो तसं. पाणी झाकणावर पसरलं आणि वरच्या चकचकीत लेबलचा कोपरा सुटून वर आला. दाबून बसवायला गेले तर अंगठ्याला खरखर लागली. लेबल ओढलं.

निगेटिव्हजवळ फुली. पेचकसाची. एक रेघ लांब, एक आखूड, आखूड रेघ शेवटी डावीकडे वळलेली. माझा हात असाच वळतो.

मी खाली बसले. पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते: मला वाटलं, माझंच चुकलं, मीच मेलेली बॅटरी नव्यांत ठेवली. अर्धा तास मी स्वतःला शिव्या घालत होते. दादाला आता काय तोंड दाखवू, त्याच्या नव्या धंद्याचं मी वाटोळं केलं, हेच डोक्यात. मग लक्षात आलं, पण लेबल? लेबल मी कधी लावलं?

१६ मार्च, रविवार

शेडची चावी दादाच्या जुन्या कोटात असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याने लपवण्याची जागा बदलली नाही. मी कधी उघडणार नाही याची त्याला एवढी खात्री.

आत ॲसिडचा वास नव्हताच. टेबलावर माझा ड्रायर होता, जुनी लेबलं तापवून काढायला. नव्या लेबलांचा गठ्ठा, काळं पॉलिश, टर्मिनल घासायचा ब्रश. फळीवर ओळीने बॅटऱ्या, काही पुसून तयार, काही अजून धुळकट. धुळकटांवर माझ्या फुल्या. त्यातल्या खडूच्या होत्या त्या ओल्या फडक्याने अर्ध्या पुसलेल्या. कोपऱ्यात पोत्याखाली लोड टेस्टर. त्याला काही झालेलं नाही. मी तयार बॅटऱ्यांना एकेकीला तो लावला. काटा पडत गेला. तार तापली, तो वास आला आणि मला भडभडून रडू आलं.

बाहेर येऊन दादाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. लग्नाला ते भाड्याच्या गाडीने गेलेत, त्याची दारातच आहे. तिच्यातली बॅटरी नवीकोरी, पलीकडच्या चौकातल्या दुकानाची.

१७ मार्च, सोमवार

सकाळी ते आले. मी फुलीवाली बॅटरी काउंटरवर ठेवली होती. दादाने बघितलं, कोट काढून खुंटीला लावला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मास्तरांचं बोलले, बाईंचं बोलले. बाईंनी बॅटरीबद्दल विचारलं तेव्हा मी त्यांना कसं उडवून लावलं, तेही बोलले. तो ऐकत होता. शेवटी मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकली असतीस? तुझ्या तोंडावर सगळं उमटतं, बारके. लहानपणापासून. तू खरं बोलतेस हे लोकांना दिसतं, म्हणून तर ते घेतात."

हे त्याने कौतुकाने म्हटलं. शपथेवर सांगते, अगदी कौतुकाने. शाळेतून बक्षीस आणलं की जसा बोलायचा त्याच आवाजात.

म्हणजे माझा खरेपणा हासुद्धा त्याच्या पेटीतला एक पाना होता. बोर्ड, स्टूल, मीटर, सगळं. मला केसाने गळा कापणं माहीत होतं, ते सासरी अनुभवलं होतं. पण तिथली माणसं मुळात माझी नव्हती.

मी विचारलं, तुझ्या स्वतःच्या गाडीत यातली का नाही घातलीस?

"मला गाडी रोज लागते," तो म्हणाला. म्हटल्यावर त्यालाच ऐकू आलं असावं, कारण मग तो शटर वर करायला उठला.

वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, "एवढं लावून घेऊ नका, ताई. नवी असो की जुनी, बॅटरी कधीतरी जातेच. तुम्हाला कोणी विचारत नव्हतं तेव्हा यांनीच ठेवून घेतलं ना?" लेबलं तीच लावत होती. तिच्या नखांत पॉलिश होतं, इतके दिवस मला ते भांड्यांचं काळं वाटलं.

मी चहा घेतला नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज वरच्या घरातून खाली दुकानात उतरले नाही. खिडकीतून आवाज येत होता. गिऱ्हाइकाने विचारलं, ताई दिसत नाहीत? दादा म्हणाला, बाहेर गेलीय, पण या सकाळीच तपासून ठेवल्यात तिने.

सासरहून निघाले तेव्हा डोळ्यांपुढे माहेर होतं. माहेर सोडून जायचं झालं तर कुठे जायचं, हे मला कोणी शिकवलं नाही.

१९ मार्च, बुधवार

चौकातल्या दुकानात जाऊन बॅटरी घेतली, बाईंच्या गाडीसाठी. मालकाला म्हटलं, माझ्यासमोर लोड टेस्टर लावून दाखवा. तो हसून म्हणाला, "का, तुमच्याकडे तर ताईने तपासलेली मिळते ना?" मी म्हटलं, मिळते. काटा जिथे राहायला हवा तिथेच राहिला. पैसे देऊन निघाले.

२० मार्च, गुरुवार

दोन्ही बॅटऱ्या रिक्षात घालून बाईंच्या घरी गेले. फुलीवालीसुद्धा घेतली होती, पुन्हा पूर्ण भरून. डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोणी विश्वास का ठेवावा?

बाईंनी दार उघडलं आणि मला जवळ घेतलं. तिथेच मला समजायला हवं होतं. आत बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुझा दादा काल येऊन गेला. रडला गं तो. म्हणाला, संसार मोडल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नसतं, भंगारातली बॅटरी आणि नवी बॅटरी यात तिची गल्लत झाली. सांभाळून घ्या म्हणाला. मी म्हटलं, माणूस आहे, चुकायचंच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

संसार मोडल्याचं गेली इतकी वर्षं दादाने कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटायचं, मला लागेल म्हणून. त्याने ते जपून ठेवलं होतं.

मी सगळं सांगितलं. शेड, ड्रायर, लेबलं, पोत्याखालचा टेस्टर. सांगताना आवाज चढत गेला, शब्द अडखळायला लागले, आणि माझं मला दिसत होतं की मन थाऱ्यावर नसलेली बाई अशीच बोलते. मी फुली दाखवली. बाईंनी चष्मा लावून बघितली.

"ही तू मारलेली?"

"हो."

"म्हणजे ही मेलेली आहे हे तुला तेव्हाच माहीत होतं."

माहीत होतं. त्या बॅटरीवर फुली मीच मारली होती आणि ती गाडीत मीच बसवली होती, दोन्ही माझेच हात. मधल्या हाताचा, दादाच्या हाताचा, काहीच पुरावा माझ्यापाशी नव्हता.

मग मी म्हटलं, बाई, माझ्या शब्दावर जाऊ नका. कोणाच्याच जाऊ नका. गाडीत बसा, मी सांगते तसं करा. फुलीवाली बॅटरी जोडली. गाडी भिंतीकडे तोंड करून सावलीत उभी होती. हेडलाइट लावायला सांगितले. भिंतीवर लख्ख उजेड. मी म्हटलं, बघा, आता ही अगदी तरुण वाटते, मीही इथेच फसले. आता दिवे चालू ठेवूनच चावी फिरवा आणि भिंतीवरून नजर काढू नका. त्यांनी चावी फिरवली. सेल्फने एक कण्हल्यासारखा आवाज काढला, उजेड पिवळा झाला, तांबूस झाला आणि गेला. मग नवी जोडली. दिवे लावले, चावी फिरवली, उजेड जरासा दबला आणि गाडी सुरू झाली.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर."

मी म्हटलं, मीच सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा बॅटरी खराब होती, आणि मी तुम्हाला उडवून लावलं.

बाई भिंतीकडेच बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता, पण अगदी मायेने म्हणाल्या, "बॅटरी मेलेली आहे ते दिसलं मला. कोणी मुद्दाम घातली, ते काही दिव्यात दिसत नाही गं. तो तुझा भाऊ, तू त्याची बहीण. मी कोणाचं खरं धरू?"

मी क्लॅम्प आवळले, हलवून बघितले, फडक्याने कडा पुसल्या. जुनी बॅटरी उचलून बाजूला ठेवली. बाईंची मास्तरांकडे जायची वेळ झाली होती, त्यांनी बॅग मागच्या सीटवर ठेवली. मी बॉनेट खाली सोडलं.

एरवी मी बॉनेट सोडलं की बाई मागे न बघता निघायच्या. आज त्यांनी सुरू असलेली गाडी बंद केली, दिवे लावले आणि भिंतीकडे बघत पुन्हा चावी फिरवली. मी खिडकीशी उभी होते.